रात्री आठनंतरचा कंप्रेसर: तान्ह्या पोळ्याचे नंदी रंगवणाऱ्या एका घरगुती वर्कशॉपचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण वर्धा जिल्ह्यातल्या एका गावचं आहे. नाव-गाव सांगत नाही, कारागिराला इथं नुसतं भाऊ म्हणू अन् त्याच्या शेजाऱ्यांना काकाजी. माझं तालुक्याच्या ठिकाणी मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, शेतीपंप, कुलर, गिरणीची मोटार असलं काम, त्यामुळे भाऊ पहिल्यांदा माझ्याकडे आला तो आवाजाची तक्रार घेऊन नाही तर कंप्रेसरचा जळलेला कॅपॅसिटर घेऊन. आवाजाची गोष्ट चहा पिता पिता निघाली.

भाऊची पाच एकर कोरडवाहू, कपाशी अन् सोयाबीन. उरलेल्या वेळात सुतारकाम, देव्हारे, चौरंग, पाट, पण खरी कमाई तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीची. विदर्भाबाहेर हा सण फारसा माहीत नसतो म्हणून सांगतो, मोठा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी लहान पोरं चाकांवरचा लाकडी बैल सजवून घरोघर नेतात अन् बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. नागपूरच्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली हे सुरू केलं असं सांगतात. ज्या घरात लेकरू आहे त्या घरात नंदी लागतोच, अन् हल्ली लोकांना ब्रशचे ओरखडे दिसणारा नंदी नको असतो, गाडीच्या टाकीसारखं चकचकीत फिनिश पाहिजे. म्हणून भाऊ कंप्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या स्प्रे गनवर आला.

आता पोळा येतो श्रावण अमावास्येला, म्हणजे ऑर्डरची सगळी गर्दी आषाढ-श्रावणात. त्याच दिवसांत शेतात डवरणी, निंदण, फवारणी. दिवसा वेळ नाहीच. लाकूड घासणं, जोडणं कसंही मधातमधात होते पण रंगकामाला सलग दोन-तीन तास लागतात अन् ते मिळतात जेवण झाल्यावर, रात्री आठ ते अकरा. गाव झोपायला लागते तेव्हा भाऊचं मशीन सुरू होते, सगळी अडचण तिथूनच.

अडचण काय होती

मशीन होतं दोन एचपीचं, डायरेक्ट ड्राइव्ह, चोवीस लिटरची टाकी. दिसायला गोंडस, चाकंबिकं असलेलं, ऑनलाइन स्वस्तात मिळते तेच. यात मोटारीच्या शाफ्टवरच पिस्टन बसवलेला असतो, मधात बेल्ट नाही, अन् मोटार टू पोल. आपल्या पन्नास हर्ट्झवर टू पोल मोटार मिनिटाला २८०० च्या वर फिरते, म्हणजे पिस्टन पण तितक्याच वेळा वरखाली. छोटा सिलिंडर, भन्नाट वेग, अन् तोंडाशी प्लास्टिकची एवढीशी डबी, तिलाच फिल्टर म्हणायचं.

वर्कशॉप म्हणजे घराला लागून टिनाचं शेड, अन् शेडच्या पलीकडे एक भिंत सोडली की काकाजींची झोपायची खोली. काकाजींचं वय सत्तरच्या पुढं, बायपास झालेली, झोप तशीच कमी. एक-दोनदा त्यांनी हसतहसतच सांगितलं, "बाप्पा, विमान उतरवून राहिला काय रे अंगणात?" मग हसणं बंद झालं. मग बोलणं बंद झालं, जे गावात जास्त वाईट असते. शेवटी त्यांच्या मुलाने तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांच्या कानावर घातलं. लेखी काही नाही, पण अध्यक्ष भाऊकडे येऊन बसले अन् म्हणाले की पोळ्यापर्यंत काहीतरी कर, नाहीतर हे पुढं जाईन.

पुढं गेलं असतं तर भाऊची बाजू लंगडी होती. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ अन् रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा दिली आहे, अन् रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. भाऊला वाटत होतं की घरगुती धंद्याला हे लागू नसते. मी म्हटलं लागू आहे की नाही हे वकिलाला विचार, पण म्हाताऱ्या माणसाला झोप येत नाही हे तर लागू आहे ना.

आधी मोजलं

भाऊला लगेच नवीन मशीन घ्यायचं होतं, "सायलेंट" लिहिलेलं कोणतंही. मी थांबवलं. माझा अनुभव असा की लोक कंप्रेसर एचपीवर घेतात, टाकीच्या आकारावर घेतात, रंगावर पण घेतात, पण आपल्याला हवा किती लागते हे कोणी मोजत नाही. अन् आवाजाचा निम्मा हिशोब तिथंच असतो. जितकी जास्त हवा तितकं मोठं किंवा वेगात पळणारं मशीन.

तर हवा. भाऊची जुनी गन एचव्हीएलपी होती, म्हणजे जास्त हवा अन् कमी दाबाची, डब्यावर आठ-दहा सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) लिहिलेलं. ती गन त्या मशीनला कधीच पुरली नसती, अन् पुरतही नव्हती, म्हणून मशीन थांबायचंच नाही, सतत चालू. आवाजापेक्षा काकाजींना त्रास याचाच जास्त असावा, दोन मिनिटं वाजून बंद पडलं तर माणूस सहन करते, तासभर सलग वाजलं तर डोकं उठते. वीतभर नंदीला आठ सीएफएमची गन लागतच नाही. एलव्हीएलपी प्रकारची, म्हणजे कमी हवेवर चालणारी छोटी गन घेतली तर साधारण चार सीएफएममध्ये काम होते, अन् डोळे, शिंगं, झुलीची नक्षी यासाठी एअरब्रश, त्याला तर एक सीएफएमसुद्धा लागत नाही. एक सीएफएम म्हणजे सव्वाअठ्ठावीस लिटर धरा, चार म्हणजे मिनिटाला ११३ लिटर. त्यातही ट्रिगर निम्माच वेळ दाबलेला असतो, बाकी वेळ नंदी फिरवणं, दुसरा उचलणं. म्हणजे सरासरी साठ लिटरच्या आतच. भाऊचा यावर विश्वास बसेना, म्हणून त्याच्या मुलाला मोबाईलवर स्टॉपवॉच लावून बसवलं अन् ट्रिगर किती सेकंद दबते ते मोजलं. निम्मं पण नाही भरलं.

आवाज मोजायला मोबाईलचं अॅप. ते खरं किती दाखवते यावर माझा फार भरवसा नाही, पण एकच फोन, एकच जागा, आधी अन् नंतर, अशी तुलना करायला चालते. मशीनपासून एक मीटरवर ९३ च्या आसपास, काकाजींच्या अंगणात ७२. मशीन बंद असताना अंगणात ४४. आता कोणी म्हणेल ९३ अन् ७२ मध्ये काय एवढा फरक, तर डेसिबलची पट्टी साधी नसते, दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. उलटंही तसंच, दहा कमी झाले की निम्मा. म्हणून ७२ चे ५० करायचे म्हणजे चौथाईपेक्षाही कमी करायचा होता आवाज.

अन् व्होल्टेज. हे कोणी मोजत नाही, मी मोजलं कारण कॅपॅसिटर का जळला ते शोधत होतो. संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे, टीव्ही, कुलर सुरू असताना भाऊच्या शेडमधल्या बोर्डवर १८० च्या आसपास. मशीन सुरू होताना त्याहून खाली. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे पडतो, २३० चे १८० झाले की जोर साधारण साठ टक्के उरतो. हा आकडा पुढं फार कामाला आला.

कोणते पर्याय पाहिले

पहिला पर्याय भाऊचाच, खोका. जुन्या मशीनला प्लायचा खोका, आत थर्माकोल. थर्माकोल आवाज अडवत नाही, तो हलका असतो, आवाज अडवायला वजन लागते, वीट, रेती, जाड प्लाय. पण खरी अडचण उष्णतेची. कंप्रेसर जितकी वीज खातो ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते, म्हणजे दीड-दोन किलोवॅटचा हीटर बंद खोक्यात ठेवल्यागत. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश सावलीत असते. हवा खेळती ठेवायची तर भोकं पाडा, भोकं पाडली की आवाज बाहेर. वळणावळणाचे हवेचे मार्ग करून जमते, पण पंख्यासकट. सोडून दिलं.

दुसरा, फ्रीजचा कंप्रेसर. याचे व्हिडिओ पाहून गावोगावची पोरं येड्यागत मागं लागली आहेत. आवाज खरंच नाहीसा, मान्य. पण हवा देते एखादा सीएफएम, कधी तेवढी पण नाही, एअरब्रशला ठीक, गनला नाही. तेल हवेत येते. अन् धोका असा की हा कंप्रेसर दाब वाढवतच जातो, त्याला थांबवायला प्रेशर स्विच अन् वरून सेफ्टी व्हॉल्व्ह नसेल तर टाकी फुटेपर्यंत. लोक जुनं गॅस सिलिंडर टाकी म्हणून लावतात. शिवाय नवीन फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, तो पेट घेणारा गॅस, पाइप कापताना कोणी बिडी पेटवली तर संपलं. मी स्पष्ट नाही म्हटलं.

तिसरा, टर्बाइनवाला स्प्रे, टाकीच नाही. त्याची मोटार व्हॅक्यूम क्लीनरच्याच जातीची, म्हणजे आवाज जुन्या मशीनपेक्षा कमी पण कर्कश, अन् भाऊला खिळे मारायची ब्रॅड गन पण चालवायची होती, तिला दाब लागतो, टर्बाइन तो देत नाही.

चौथा खरा तगडा होता, ऑइल-फ्री सायलेंट. याची मोटार फोर पोल, १४०० च्या आसपास फेरे, म्हणजे वेग निम्मा. तेल नाही म्हणून रंगात तेलाचे थेंब येऊन पडणारे खड्डे नाहीत. भाऊने हे मशीन ऐकलं होतं दातांच्या डॉक्टरकडे, दाढ काढायला गेला तेव्हा दाढ राहिली बाजूला अन् हा विचारून राहिला की हा आवाज कशाचा. डॉक्टरसाहेब त्याचं गिऱ्हाईक, मुलासाठी नंदी नेलेला, म्हणून रविवारी दवाखाना बंद असताना त्यांनी मशीन एका रात्रीपुरतं वापरून पाहू दिलं. असा योग सगळ्यांना येत नाही, पण मागून पाहायला काय जाते.

दुपारी लावलं तेव्हा भाऊ नाचायचाच बाकी होता. एक मीटरवर ६४, शेजारी उभं राहून बोलता येत होतं. अन् संध्याकाळी आठला, व्होल्टेज १७८, टाकी अर्धी भरलेली, प्रेशर स्विचने मशीन पुन्हा चालू करायला पाहिलं अन् मोटार नुसती घुं घुं करत बसली. फिरेचना. थर्मल ट्रिप झालं, म्हणजे तापून आपोआप बंद पडलं, थंड झालं, पुन्हा तेच. कारण या मशीनच्या मोटारीला कायम जोडलेला एकच छोटा कॅपॅसिटर असतो, सुरुवातीचा जोर मुळातच कमी, त्यात साठ टक्के. दवाखान्यात ते भरवशाचं मशीन आहे, तिथं स्टॅबिलायझर आहे, दिवसाची वेळ आहे, अन् दातांच्या हत्याराला हवा लागते ती थोडीथोडी. इथं तेच मशीन अडलं.

माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण हेच. दुकानात ऐकून घेतलं असतं तर भाऊ वीस-बावीस हजार देऊन मशीन घेऊन आला असता अन् दुकानदाराने म्हटलं असतं व्होल्टेज तुमचं खराब आहे, वॉरंटीत येत नाही. अन् तो खोटं बोलला नसता.

पाचवा पर्याय जुन्या पद्धतीचा, बेल्टवाला. पंक्चरच्या दुकानात असतो तसा, पण छोटा. एक एचपी, फोर पोल मोटार, स्टार्टिंगला वेगळा कॅपॅसिटर, वेगळं वाइंडिंग अन् स्विच, त्यामुळे कमी व्होल्टेजला पण दम धरते, अन् बंद होताना प्रेशर स्विच पंपाच्या डोक्यावरची हवा फुस्स करून सोडून देतो म्हणून पुढच्या वेळी मोटारीला रिकाम्या पंपावर सुरुवात मिळते. वर शंभर लिटरची टाकी. आवाज डॉक्टरसाहेबांच्या मशीनपेक्षा जास्त, एक मीटरवर ८० धरा, पण तो जाड, खालच्या सुरातला, चिरकणारा नाही.

इथं भाऊ अन् मी दोघं अडलो. त्याला ६४ ऐकायची सवय झाली होती, ८० म्हटल्यावर तोंड पडलं. मी म्हटलं मशीनपाशी ८० असू दे ना, काकाजी मशीनपाशी झोपतात काय?

काय केलं

भाऊच्या आवाराच्या मागच्या टोकाला जुना गोठा. बैलजोडी विकल्यापासून रिकामा, पऱ्हाटी अन् भंगार भरलेलं. काकाजींच्या खोलीपासून अंदाजे पंधरा मीटर, जुनं मशीन तीन मीटरवर होतं. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतात, तीनचे पंधरा म्हणजे चौदाच्या आसपास, एक पैसा न घालता. कंप्रेसर वर्कशॉपमध्येच पाहिजे असा काही नियम नाही, पाइप लांब करता येतो. शिवाय थिनरच्या वाफा भरलेल्या खोलीत प्रेशर स्विचची ठिणगी उडणं हे आवाजापेक्षा कितीतरी भयंकर, ते पण यात सुटलं.

मशीन नवीनच घेतलं. तालुक्यात एका बंद पडलेल्या गॅरेजचं जुनं स्वस्तात मिळत होतं, भाऊचा जीव त्याच्यावर फार होता, पण टाकीच्या बुडाशी ड्रेनच्या भोवती हातोडीने हलकं ठोकलं तर आवाज बसका आला अन् पापुद्रे निघाले. आतून गंजलेली. वर्षानुवर्षं पाणी काढलं नाही की असं होते. अशा टाकीत हवा भरून बाजूला उभं राहायची माझी तयारी नाही. पंप-मोटार चांगली होती, टाकी तेवढी नवीन टाकू असं तो म्हणत होता, हिशोब केला तर नव्याच्या जवळच जात होतं.

मग मशीनचा वेग आणखी कमी केला. मोटारीवर पाच इंची पुली, पंपाचं चाक दहा इंची, म्हणजे पंप साधारण ७२० ने फिरत होता. पुली चार इंची टाकली, ५७५ वर आला. हवा त्याच प्रमाणात म्हणजे वीस टक्के कमी झाली, पण आवाज उतरला, मोटारीवरचा भार उतरला, कमी व्होल्टेजला सुरू होणं सोपं झालं. हे करताना एक गोष्ट पाहावी लागते, या पंपात आतला दांडा फिरताना तेल उडवतो अन् त्यावरच सगळं वंगण चालते, वेग फार कमी केला तर तेल उडतच नाही अन् पंप जाम. मशीनसोबत आलेल्या पुस्तकात किमान वेग दिला होता, त्याच्या वरच राहिलो. बेल्ट पण लहान लागला, जुना तसाच ताणून बसवायचा नाही.

हवेचा हिशोब पुन्हा लावला. कमी केलेल्या वेगाला पंप खरी हवा देतो मिनिटाला सत्तर-पंच्याहत्तर लिटर. कंपनी लिहिते ती पिस्टनच्या मापाची, प्रत्यक्ष टाकीत जाते ती बरीच कमी, तिच्या साठ-सत्तर टक्केच धरून चला. भाऊची गरज सरासरी साठच्या आत. झालं की. अन् टाकीत आठ बारवरून चार बारपर्यंत दाब उतरला तर शंभर लिटर गुणिले चार, म्हणजे चारशे लिटर हवा मशीन न चालवता मिळते. एका छोट्या नंदीला रंगाचा एक हात द्यायला वीस सेकंद ट्रिगर धरला तर अडतीस लिटर, म्हणजे दहा नंदी शांततेत.

खरी जादू झाली ती सक्शनच्या पाइपने. पिस्टनवाल्या कंप्रेसरचा बराचसा ठोक-ठोक आवाज हवा ओढायच्या तोंडातून येतो, लोक मोटारीला शिव्या देतात. ते तोंड सव्वा इंची पीव्हीसी पाइपने भिंतीतून पलीकडे शेताच्या बाजूला काढलं अन् टोकाला जुन्या जीपचा एअर फिल्टरचा डबा बसवला. फिल्टर पण मोठा झाला, कापसाच्या दिवसांत उडणारं सगळं तिथंच अडते. पीव्हीसी फक्त ओढायच्या बाजूला, हे नीट लक्षात घ्या. दाबाच्या हवेला पीव्हीसी कधीच नाही, ते फुटलं की तुकडे सुरीगत उडतात. दाबाची लाइन अर्धा इंची जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपची टाकली, गोठ्यापासून वर्कशॉपपर्यंत, थोड्या उतारावर, मधात अन् शेवटी पाणी काढायला खाली तोंड करून तोट्या. पुली अन् सक्शन मिळून एक मीटरवर ८० चे ७२ झाले.

बाकी छोटी कामं. मशीन सिमेंटच्या ओट्यावर जाड रबर माउंटवर. मशीन अन् जीआय पाइपच्या मधात दीड हात रबरी होज, नाहीतर सगळा थरथराट पाइपमधून भिंतीत जातो. काकाजींच्या बाजूला नऊ इंची विटांची छातीपर्यंत भिंत, गोठ्याच्याच पडलेल्या विटांची. टिनावर भुशाची पोती टाकली, टिन वाजू नये म्हणून.

अन् वायर. गोठ्यात लाइन न्यायची म्हणून भाऊने दीड एमएमचं बंडल आणून ठेवलं होतं. तीस मीटर अंतर, जाणं-येणं साठ मीटर, दीड एमएम तांब्याचा रेझिस्टन्स किलोमीटरला बारा ओहम, म्हणजे पाऊण ओहम. मोटार सुरू होताना तीस अँपिअर ओढते असं धरलं तर वीस-बावीस व्होल्ट वायरमध्येच गेले. आधीच १८०! चार एमएम टाकली, तोटा आठ-नऊ व्होल्टवर आला. यासाठी माझं अन् भाऊचं चांगलंच वाजलं, वायर महाग पडते हे खरंच आहे, पण स्टॅबिलायझर त्याहून महाग.

निकाल

काकाजींच्या अंगणात मशीन चालू असताना फोनवर ४९-५०. दिवसाच्या मर्यादेत आरामात, रात्रीच्या ४५ च्या वर. म्हणून दुसरा भाग ठरवून केला, तंटामुक्तीच्या अध्यक्षांसमोरच बोलणं झालं की मशीन साडेनऊला बंद, त्यानंतर टाकीत जे आहे तेवढंच. भाऊ मोठे अंग रंगवायचं काम आधी उरकतो, साडेनऊला टाकी पूर्ण भरतो, मग राहिलेले हात अन् एअरब्रशचं बारीक काम. एअरब्रशला चारशे लिटर बराच वेळ पुरतात. पावसाळ्यात तर अंगणातले बेडूकच साठच्या वर जातात, एका रात्री मोजायला गेलो तर मशीनचं रीडिंगच घेता येईना.

एक गोष्ट ध्यानीमनी नसताना चांगली झाली. आधी पावसाळ्यात रंगात पाण्याचे थेंब यायचे, एनसी लॅकर, म्हणजे वरून मारायचा चकाकीचा थर, पांढरं पडायचं. पांढरं पडायचं थोडंफार अजूनही चालते, कारण दमट हवा खोलीतच असते, पण थेंब बंद झाले. दाबलेली गरम हवा लांबच लांब लोखंडी पाइपमधून थंड होत येते अन् पाणी वाटेतच सुटते. ड्रेनच्या तोटीतून एका रात्री कपभर पाणी निघते श्रावणात. आवाजासाठी लांब केलेला पाइप ड्रायरचं काम करून राहिला.

अन् एक वाईट. पहिल्याच पंधरवड्यात एकदा रात्री दोन वाजता मशीन आपोआप सुरू झालं. मेन स्विच गोठ्यात, भाऊ बंद करायला विसरला, एका जोडातून हवा बारीक गळत होती, दाब उतरला अन् प्रेशर स्विचने आपलं काम केलं. काकाजी सकाळी दारात. "तू तं म्हने साडेनऊले बंद करतो!" त्यानंतर स्विच वर्कशॉपच्या दाराशी आणला अन् वर लाल दिवा, दिवा दिसला की घरात जायचं नाही. जोडांना साबणाचं पाणी लावून गळती काढली.

खर्च, मशीन, पाइप, वायर, पुली सगळं मिळून डॉक्टरसाहेबांसारख्या मशीनपेक्षा जास्तच झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. जुनं मशीन भाऊने गावातल्या एकाला ट्रॅक्टरच्या टायरमध्ये हवा भरायला विकून टाकलं.

पुन्हा करायचं झालं तर

क्रम बदलला पाहिजे होता. आपण मशीनपासून सुरुवात केली, खरं तर गन बदलणं पहिलं, जागा बदलणं दुसरं, अन् मशीन शेवटी. गन बदलल्याबरोबर जुनं मशीनसुद्धा मधात मधात थांबायला लागलं होतं. भाऊचं म्हणणं आहे की जुनंच मशीन गोठ्यात नेऊन सक्शनला पाइप लावला असता तर एवढा खर्च झालाच नसता. मला ते पटत नाही, २८०० फेऱ्यांचा किरकिरा आवाज अंतराने कमी होईल पण कानाला टोचणं जात नाही, अन् चोवीस लिटरमध्ये रात्रीची हवा साठवता येत नाही. पण करून पाहिलं नाही हेही खरं, अन् ज्याचा हात तंग आहे त्याने आधी तेच करून पाहावं.

दिवसा ज्याला काम करता येते अन् ज्याच्याकडे व्होल्टेज २२० च्या वर राहते त्याने बेल्टवाल्याच्या भानगडीत पडू नये, ऑइल-फ्री फोर पोल घ्यावा, तेलाची कटकट नाही. घेताना डब्यावरचा डेसिबल किती अंतरावर मोजला ते विचारा. एक मीटरचे ६५ अन् चार मीटरचे ६५ यात बारा डेसिबलचा फरक असतो, अन् दुकानदाराला बहुतेक वेळा ते माहीत नसते.

काकाजींशी आधी बोलायला पाहिजे होतं हे भाऊ स्वतःच म्हणतो. साडेनऊची वेळ त्यांनीच सुचवली, ते दहाच्या आधी झोपतच नाहीत, हे दोन हंगाम भांडण चालू असताना कोणी विचारलंच नव्हतं.

सध्या भाऊला गुडघ्याएवढ्या नंदीच्या ऑर्डर येऊन राहिल्या, त्याला चारशे लिटर पुरत नाहीत, मधातच मशीन लावावं लागते. दुसरी शंभर लिटरची टाकी जोडायची म्हणतो. टाकी नवीन घे, सेफ्टी व्हॉल्व्ह वेगळा लाव अन् रोज पाणी काढ एवढं सांगून ठेवलं आहे, दिवाळीनंतर जोडू.